बंद घरांची मंजुळाताई

मंजुळाताई कुठल्याही घरात सरळ पुढच्या दाराने शिरत नसत. आधी घराला एक फेरा. आम्ही बाकीचे अंगणात टॅब काढून उभे, घरातली बाई "या, बसा" म्हणतेय, कोणी चटई झटकतंय, आणि मंजुळाताई मागच्या बाजूला गडप. दोनेक मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यावरून उगवायच्या, "मागून बघून आले जरा" म्हणायच्या आणि मगच दारात टेकायच्या.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना काही अडचण असेल. तिसऱ्या घरीही तेच झालं तेव्हा मी वैतागून विचारलं, "ताई, मागे काय असतं?"

"पुढं नसतं ते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे चालूही लागल्या.

हळूहळू मला कळलं. घरातली बाई सांगायची, गॅस आहे. मागे चुलीची ताजी राख असायची. सांगायची, दोन मुलं. मागच्या दोरीवर तीन मापांच्या चड्ड्या वाळत असायच्या. पण मंजुळाताईंनी कधी कोणाला खोटं पाडलं नाही. "गॅस चहापुरताच ठेवलाय का गं?" एवढंच हसून विचारायच्या, की समोरची बाईही हसायची आणि खरं काय ते सांगून टाकायची. सिलिंडर परवडत नाही हे आमच्या फॉर्मला पाच प्रश्नांत विचारावं लागे. ताईंचं एका वाक्यात व्हायचं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेऊन मुंबईच्या एका संशोधन संस्थेत लागलो होतो. सरकारी योजना गावात कोणापर्यंत पोचतात, कुठे अडतात, हे घरोघर जाऊन विचारायचं, त्याचे तक्ते करायचे आणि अहवाल लिहायचा, हे आमचं काम. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. दहिवलीत पिठाच्या गिरणीच्या वरची एक खोली आम्ही ऑफिस म्हणून घेतली होती. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची. टेबलावर, कागदांवर, टॅबच्या काचेवर पिठाचा पातळ थर बसायचा. त्या थरथरीची मला इतकी सवय झाली होती की सुट्टीला घरी गेलो की पायाखालची फरशी गप्प का, असं वाटायचं.

मंजुळाताई भोईर पळसदरीच्या पुढच्या एका गावातल्या. घरची भाताची शेती. नवरा माथेरानच्या एका हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली, आठवड्याने खाली उतरायचा. मुलगा खोपोलीकडे कारखान्यात. ताई पन्नाशी ओलांडलेल्या, दहावी झालेल्या आणि पंचवीसेक वर्षं या ना त्या संस्थेसाठी सर्व्हे करत आलेल्या. संस्थांची नावं त्यांच्या लक्षात राहात नसत. त्या प्रश्नांवरून ओळखायच्या. पानीवाले, संडासवाले, बचतगटवाले. "संडासवाल्यांचा फॉर्म बरा व्हता," असं एकदा म्हणाल्या. "छोटा. आनि आत जाऊन बघायला सांगितलेलं, नुसतं विचारायला नाय."

बाई एका जागी ठरत नसत. चहाच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसायचो, त्या अर्धा ग्लास हातात घेऊन उभ्या. मीटिंग चालू असताना उठून खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या. बाईकवर मागे बसल्या की माझ्या खांद्यावर थाप पडायची, "थांब, थांब. त्या कौलारू घराचं र्‍हायलं." मी म्हणायचो, झालंय ताई ते. "झालंय रं, पन मला नाय पटलं." संध्याकाळी मी माहिती मुंबईला पाठवायला बसलो की त्यांचा फोन ठरलेला. "निखिल, ती चौथ्या घरातली सून. दोन पोरं म्हनली. पन मागं तिसऱ्याची चड्डी व्हती." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पोचायच्या आत, त्या त्या घरी जाऊन आलेल्या असत. तिसरा मुलगा नणंदेचा निघाला. नणंद घर सोडून गेली होती, आणि लोकांपुढे ते बोलायला नको म्हणून सुनेने पोराला मोजलंच नव्हतं.

मी काही टिपून घेतलं की त्या हमखास म्हणायच्या, "लिवलंस? मग खोडायची तयारी ठेव."

मुंबईच्या ऑफिसातल्या मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्या ताईंच्या कामावर खूश होत्या आणि वेगावर नाराज. "माहिती उत्तम आहे, पण एका घराला दोन-दोन दिवस लागले तर कसं चालेल?" त्यांचंही खोटं नव्हतं. मी हे ताईंना सांगितलं की त्या म्हणायच्या, "घाई आसंल तर तू जा पुढं. मी येते."

अंगणवाड्यांचा अभ्यास आमच्याकडे आला त्या वर्षी हे सगळं ताणलं गेलं. कुठल्या वाडीत सहा वर्षांखालची मुलं किती, कुठली अंगणवाडी चालू ठेवायची, कुठली शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत मिसळायची, हे ठरवायला आमची आकडेवारी वापरली जाणार होती. काम फेब्रुवारीत सुरू झालं आणि अहवाल मार्चअखेर द्यायचा होता.

उंबरमाळ ही माथेरानच्या डोंगराच्या अंगाला असलेली कातकऱ्यांची वाडी. एकोणीस घरं. रस्ता सोडून पाऊण तास चढावं लागतं, मध्ये एक ओढा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा वाडी इतकी शांत होती की मला आधी वाटलं, चुकून दुसरीकडे आलो. कुडाची घरं, शेणाने सारवलेल्या भिंती, आणि दारं तारेने बांधलेली. कुलूप एकाही दाराला नव्हतं. दोन-तीन म्हातारी माणसं, काही कोंबड्या, आणि अंगणवाडीच्या खोलीत सेविका म्हाताऱ्यांपाशी राहिलेल्या दोन पोरांना घेऊन बसलेली. बाकी सगळी वाडी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेली होती.

आमच्या नियमात यासाठी दोन गोष्टी होत्या. एक, घरी कोणी नसेल तर तीनदा जायचं, मग टॅबवर 'घर बंद' असं नोंदवायचं आणि त्याच्या बदली जवळचं दुसरं घर घ्यायचं. दुसरी, गेल्या वर्षात सहा महिने तरी जो त्या घरात राहिला, तोच त्या घरचा माणूस धरायचा.

मंजुळाताईंनी एकोणीसच्या एकोणीस घरांना फेरा घातला. मग अंगणवाडीच्या पायरीपाशी येऊन म्हणाल्या, "सहा महिने र्‍हायला तोच घरचा. बरं. ही मानसं दिवाळीला जातात आन् पावसाच्या तोंडाला येतात. म्हंजे हितं सहा महिने भरत नाय. भट्टीवर जाऊन विचारलं तर तितले म्हननार, ही आमची नाय, हंगामापुरती हायत. मग ही मानसं र्‍हातात कुठं रं?"

"ताई, व्याख्या तशी आहे. सगळीकडे तीच वापरतात."

"व्याख्येत नाय विचारत मी. हितं विचारतेय, डोंगराखाली."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "व्याख्या एका वाडीसाठी बदलली तर बाकीच्या गावांशी तुलनाच करता येणार नाही. नियमाने जा." ताईंनी विचारायला लावलं, जूनमध्ये सर्व्हे केला तर? पावसाच्या तोंडाला सगळी घरं भरलेली असतात. मॅडम म्हणाल्या, "निखिल, मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर."

मी फोन ठेवला. ताई तोपर्यंत पलीकडे एका म्हातारीपाशी उकिडव्या बसून विचारत होत्या, कोणाचा लेक कुठल्या भट्टीवर आहे.

पुढचे तीन रविवार त्या स्वतःहून खालापूरच्या बाजूच्या भट्ट्यांवर गेल्या. मिळेल त्या टेंपोने. दुसऱ्या रविवारी मीही गेलो, अर्धा लाजेखातर. भर दुपारची वेळ. भट्टी पेटलेली, लांबूनच तोंडावर झळ लागत होती. मुकादम आडवा आला. "उंबरमाळचं कोणी नाय हितं." ताई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. "बरं दादा, पानी तरी द्या," म्हणाल्या आणि तो माठाकडे वळला तशा विटांच्या रचलेल्या ढिगामागे गेल्या. मी मागोमाग.

मागे कच्च्या विटा एकावर एक ठेवून केलेल्या खोपटांची रांग होती. वर प्लास्टिक. उभं राहिलं तर डोकं बाहेर येईल इतकी बुटकी. एका खोपटाच्या सावलीत झोळी टांगलेली आणि शेजारी एक बाई मातीच्या चिखलात गुडघाभर उभी. "बारके," ताईंनी हाक मारली, "तुझी सासू विचारते, पोर कसं हाय?"

बारकी हात तसेच चिखलाचे ठेवून हसली. मी टॅब उघडून तिचं घर निवडलं, आणि वर लाल पट्टी आली. 'ठिकाण क्षेत्राबाहेर.' कोणी घरी न जाताच फॉर्म भरू नये म्हणून टॅब जागा तपासायचा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाल.

"काय म्हनतो तो?" बारकीने विचारलं.

"म्हनतो, तू हितं नाय," ताई म्हणाल्या.

बारकीने टॅबकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "मंग ह्या इटा कोन थापतंय?"

ताईंनी पिशवीतून कागदी फॉर्म काढले. जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून त्या लिहीत गेल्या. तिसऱ्या रविवारपर्यंत एकोणीसपैकी सोळा कुटुंबं त्यांना सापडली. उरलेली तीन घाटावर कुठेतरी लांब गेली होती. सोळा घरांत सहा वर्षांखालची बावीस मुलं. सोमवारी सकाळी त्यांनी तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर बसलेलं पीठ फुंकरीने उडवलं आणि म्हणाल्या, "घे. उंबरमाळ पुरी झाली."

दमल्या होत्या. डोळे लाल होते. तरी उभ्याच होत्या.

मी तो गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. मॅडमना फोन केला. कागदी फॉर्म घेता येणार नाहीत, ठिकाणही जुळत नाही, अहवालाच्या मर्यादांमध्ये एक ओळ टाक, असं त्या म्हणाल्या. मी जोर धरला असता तर? मला माहीत नाही. मी धरला नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. मंगळवारी ताई नेरळच्या बाजूला गेल्या असताना मी दुसऱ्या एका मुलीला घेऊन उंबरमाळच्या पायथ्याच्या, रस्त्यालगतच्या गावात गेलो आणि एका दिवसात सगळी बदली घरं उरकली. पक्की घरं, पाण्याचे नळ, सहा वर्षांखालची मुलं सगळी मिळून चार. टॅब एकदाही लाल झाला नाही. अहवालात मी लिहिलं, 'हंगामी स्थलांतरामुळे काही कुटुंबे उपलब्ध होऊ शकली नाहीत.' लिहिताना ते वाक्य मला प्रामाणिक वाटलं होतं.

जूनमध्ये वाडी परत आली आणि त्याच सुमारास कागद आला. उंबरमाळची अंगणवाडी त्या वर्षापासून पायथ्याच्या गावातल्या अंगणवाडीत मिसळली जाणार. म्हणजे तीन-चार वर्षांच्या पोरांनी पावसात ओढा ओलांडून पाऊण तास खाली यायचं आणि जेवून पुन्हा वर चढायचं.

ताई दहिवलीच्या खोलीत आल्या तेव्हा नखशिखांत भिजलेल्या होत्या. अहवाल मागितला. मराठी गोषवारा त्यांनी उभ्यानेच वाचला, बोट ओळीखालून सरकवत. एका जागी बोट थांबलं.

"बदली घरं? कवा गेलतास?"

"तुम्ही नेरळला होतात त्या मंगळवारी."

"मला सांगितलं नाय."

"नियम आहे ताई. तुमचे कागद यायच्या आधीच ते झालं होतं."

हे खोटं होतं. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते तेव्हा मी गेलो होतो. इतक्या सहज ते तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

मी चहा सांगितला होता, तो आला. त्यांनी घेतला नाही. "मानसाला बदली मानूस दिलास तू," एवढं म्हणून जिना उतरल्या. खाली गिरणी चालू होती, त्यांची पावलं ऐकू आली नाहीत. मी बराच वेळ जिन्याकडे बघत बसलो होतो, त्या परत येतील म्हणून.

जुलैत तालुक्याच्या कचेरीत या बदलांबद्दल एक बैठक झाली. संस्थेच्या वतीने मी होतो. अधिकारी नवीन होते, सभ्य होते. बैठक सुरू होते न होते तोच दार उघडलं आणि मंजुळाताई उंबरमाळच्या बायकांना घेऊन आत आल्या. बारकी पुढे होती, कडेवर पोर.

अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. मग फाइल उघडून शांतपणे म्हणाले, "हे पाहा, अहवालाप्रमाणे तुमच्या वाडीत सहा वर्षांखालची मुलं चार आहेत. चार मुलांसाठी..."

"साहेब," बारकी म्हणाली आणि कडेवरचं पोर थोडं वर उचललं. "ह्ये पाचवं."

तिच्या शेजारची बाई म्हणाली, "माझी दोन. बाहेर हायत, पडवीत."

मागून कोणीतरी तीन म्हणालं. अधिकारी पेन हातात घेऊन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा अहवाल काय सांगतो?"

मी उभा राहिलो. "सर, आकडेवारीच्या काही मर्यादा आहेत. हंगामी स्थलांतरामुळे..."

"मर्यादा म्हंजे काय रं?" मंजुळाताई मागून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्या बायांना कळंल असं सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. बारकीचं पोर तिच्या गळ्यातली माळ ओढत होतं. माझ्या पायाखाली जमीन थरथरल्यासारखी वाटली, आणि तिथे तर गिरणीही नव्हती.

"आम्ही त्यांच्या घरची मुलं मोजलीच नाहीत," मी म्हणालो. "ते भट्टीवर होते. त्यांच्या जागी खालच्या गावातली दुसरी घरं मोजली."

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. पुन्हा मोजणी करायला सांगतो, म्हणाले. बायकांनी आपापसात काहीतरी म्हटलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर पडताना बारकीने मात्र मला हात केला, ओळखीचा माणूस दिसल्यावर करतात तसा, आणि ते मला सहन झालं नाही.

पुन्हा मोजणी झाली. अंगणवाडी वाडीतच राहील असं ठरलं. ते ठरून कागद हाती येईपर्यंत दिवाळी आली आणि वाडी पुन्हा भट्टीवर गेली. हे सगळं जुळून आलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ताई मात्र थांबल्या नाहीत. आता त्यांनी असा घोर लावून घेतला की पोरांची नावं पोरांबरोबर फिरली पाहिजेत, भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्यांना जेवण मिळालं पाहिजे. सेविकेकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, स्वतः नेऊन दिल्या. एका भट्टीजवळच्या सेविकेने ऐकलं. तिथल्या पोरांना जेवण सुरू झालं. बाकी ठिकाणी, वरून लेखी आदेश आणा, असं उत्तर मिळालं.

आमच्या संस्थेने पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही. 'फार वेळ घेतात' असं कारण कागदावर होतं. त्या कागदावर माझीही सही होती. मग बाकीच्या संस्थांकडेही त्यांचं नाव 'भांडकुदळ बाई' म्हणून पोचलं आणि कामं आटली. मी कायम झालो, वर चढलो, मुंबईला गेलो. आता मी सर्व्हे करणाऱ्या नव्या मुलामुलींना शिकवतो. घराला आधी फेरा घाला, मागची दोरी बघा, हे मी त्यांना सांगतो. मुलांना ते फार आवडतं, वहीत लिहून घेतात. 'आमच्याकडे फील्डवर एक बाई होत्या,' असं मी म्हणतो. नाव घ्यायला तोंड उघडतं आणि मी पुढच्या मुद्द्यावर जातो.

गेल्या वर्षी थंडीत त्यांच्या सुनेचा, रेश्माचा फोन आला. आई आजारी आहेत, तुमची आठवण काढतात. मी गेलो. पळसदरीच्या आसपास आता शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ असते. त्यांच्या घराशेजारच्या शेतात कोणाचा तरी बंगला उभा होता. ताई पडवीत खाटेवर होत्या. पाय सुजलेले, चालणं बंद. पण हाताची बोटं पांघरुणाच्या काठावर सारखी चालत होती.

"आलास? जाड झालास," त्या म्हणाल्या. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. बारकीचा थोरला सातवीला आहे. ज्या सेविकेने ऐकलं होतं तिची बदली झाली. तिच्या जागची नवी पोरगी बरी आहे म्हणे. रेश्मा चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "येक विचारू? माझे कागद आधी आलेले, का तुझी बदली घरं आधी झालेली?"

इतकी वर्षं हा प्रश्न येईल म्हणून मी वेगवेगळी उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही सुचलं नाही. "तुमचे कागद आधी," मी म्हणालो. "ड्रॉवरमध्ये होते."

"मला वाटलंच व्हतं," त्या म्हणाल्या. पांघरुणावरची बोटं थांबली होती. मग म्हणाल्या, "आता माझं ऐक. माझं पयलं काम, पानीवाल्यांचं. ह्या रेश्माचा नवरा तेवा पोटात. उन्हाळा. टेपावरच्या वाडीत चढायचं व्हतं, आनि माझ्यानं व्हईना. खाली टपरीवर बसले आन् अकरा फॉर्मांवर लिवलं, घर बंद. दुपारच्या आत घरी. कोनी विचारलं नाय."

रेश्मा अजून आतच आहे ना, हे त्यांनी मान वळवून पाहिलं.

"पुढं त्या बाजूच्या वाड्यांना टाक्या झाल्या. टेपावर नाय झाली. माझ्यामुळं का आनखी कशामुळं, मला नाय ठाव. विचारू तरी कोनाला? समद्या वाड्या फिरले रं मी. उलटून उलटून फिरले. तितं नाय गेले. काय तोंड घेऊन जाऊ?"

रेश्मा चहा घेऊन आली. ताईंनी बशीत ओतून दोन घोट घेतले. निघताना मी पाया पडलो, तर म्हणाल्या, "ऊठ. त्यानं काय व्हनार नाय." रागाने म्हणाल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. पायाकडे बोट दाखवून एवढंच बोलल्या, "ह्ये बरं झालं की येकदा जाईन म्हनते टेपावर."

पाय बरे झाले नाहीत. होळीच्या आधी त्या गेल्या. मला कळलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. मी पळसदरीला जाऊन रेश्माला भेटलो आणि तिच्या नवऱ्याला टेपावरच्या वाडीची वाट विचारली. त्याला कशासाठी ते सांगितलं नाही. ते ताईंनी त्याला सांगितलेलं नव्हतं, आणि मी सांगायचा नव्हतो.

वाट अवघड होती. मी आता चढायच्या सवयीचा राहिलेलो नाही, दर वळणावर थांबत गेलो. सकाळचे दहा वाजले असतील, तरी ऊन पाठीवर बसत होतं. पोटुशी बाई इथे भर उन्हाळ्यात चढणार कशी, असं मनात आलं, आणि मी त्यांची बाजू घेतोय की माझी, हे मला कळेना.

वर अकरा घरं नव्हती. सोळा-सतरा झाली होती. पहिल्याच घरापाशी एक म्हातारी हंडा उतरवत होती. माझ्या खांद्यावरची बॅग बघून तिने विचारलं, "कसला सर्वे हाय?"

"सर्व्हे नाही, आजी. भेटायला आलोय."

"आमाला? कोनाकडनं?"

मी मंजुळाताईंचं नाव सांगितलं. गावाचं नाव सांगितलं. म्हातारीने आठवून पाहिलं, आतल्या सुनेलाही विचारलं. मग मान हलवली. "नाय बा. अशी बाय कोन हितं आली नवती."

"नव्हत्या आल्या," मी म्हणालो. "यायचं होतं त्यांना."

"मंग आनायची ना संगती."

म्हातारीने उत्तराची वाट पाहिली नाही. आतून पितळी पेला आणला, नुकत्याच उतरवलेल्या हंड्यात बुडवला आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे धरला. "पी. लांबून आलायस."

ती हंडा भरते तो झरा येताना मला लागला होता. खाली, अर्ध्या वाटेवर.

मी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायलो.

"आनखी देऊ?" तिने विचारलं.